तणशीवरची द्राक्षं

तुळसाबाईनं आयुष्यात वाईनचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि पिपळडोहच्या टेकडीवर तिच्या नाकाला विचारल्याशिवाय एक पिंप जागचं हलत नव्हतं. ही नाकाची गोष्ट टेकडीवर दोघांनाच माहीत होती. एक ती स्वतः, दुसरे मळ्याचे मालक मारोतराव.

सावनेरच्या पुढं सपाट रान संपतं आणि सातपुड्याची पहिली टेकडं उठू लागतात, तिथं पिपळडोह आहे. खाली कापूस, गहू, संत्र्याचे बगीचे. वर मुरमाड उतारावर मारोतरावांचा चार एकरांचा द्राक्षमळा, आणि त्यांचं पाहून पुढं दोघांनी लावलेले दोन लहान मळे. एवढीच त्या टेकड्यांमधली द्राक्षं. मारोतराव तरुणपणी नाशिककडं गेले, वाईनच्या एका कारखान्यात वीस वर्षं फिटर होते. तिथं सल्ला द्यायला एक परदेशी म्हातारी येत असे. तिच्या गावीही डोंगर, मळे मूठभर, आणि डोंगरातले लोक एक गोड वाईन करतात, जेवण झाल्यावर वाटीभर प्यायची. तोडलेली द्राक्षं गवताच्या काडावर महिना-दोन महिने सावलीत वाळवायची, सुकून मनुका व्हायच्या आधी दाबायची, आणि निघेल तो घट्ट रस लाकडाच्या लहान पिंपात तीन वर्षं निजवून ठेवायचा. म्हातारीनं मशीन दुरुस्त करणाऱ्या या फिटरला ते सगळं हातवारे करून शिकवलं. बाकीच्यांनी ऐकून सोडून दिलं. मारोतरावांनी ते गावी आणलं. गवताच्या काडाऐवजी मौद्याकडून धानाचं तणस आणलं, आणि गावानं त्या वाईनला नाव दिलं, तणशीची वाईन.

तुळसाबाई अकरा वर्षांपूर्वी तिथं तोडणीला गेली होती. चौथ्या दिवशी तिला पिंपांची खोली झाडायला सांगितली. झाडता झाडता ती एका पिंपापाशी थांबली आणि म्हणाली, "भाऊ, याले शिळ्या पेजीचा वास येऊन राहिला."

मारोतरावांनी बूच काढून हुंगलं. "कायचा वास? चांगली तं आहे."

"असन बापा," म्हणून ती झाडत राहिली. आठ दिवसांनी ते पिंप आंबलं. त्या दिवसापासून मारोतरावांनी तिला तोडणीच्या बायांत पाठवलं नाही. शेडमधलं वाळवण तिच्याकडं दिलं. ती शिकलेली नव्हती, पण वासांना तिची स्वतःची नावं होती. वाळल्या बोरांच्या बोरकुटाचा वास. चिंच उकळते तेव्हाचा. नव्या माठात पहिलं पाणी ओतल्याचा. पहाटे पडलेल्या मोहाच्या फुलांचा. मारोतराव ती नावं ऐकून मान डोलवत, आणि ती कधी चुकली असं त्यांना आठवत नव्हतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मारोतराव सतरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले, चालू-फिरू लागले, पण नाक गेलं ते गेलंच. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, आणि पिंपाचं बूच काढलं की लाकूड समोर आहे एवढंच डोळ्यांना कळे. सहा महिने वाट पाहून ते एका सकाळी तिला म्हणाले, "तुळसाबाई, आता तूच सांगत जा. अन् कोनाले बोलजो नको."

"माह्या सांगण्यावर कराल का?"

"तुह्याच सांगण्यावर."

तेव्हापासून चार वर्षं ती टेकडी तिच्या नाकावर चालली होती.

घरी मात्र तिचं कौतुक करणारं कुणी नव्हतं. तिचा नवरा प्रेमानंद खापरखेड्याला ठेकेदाराकडं कामाला, आठवड्यातून दोनदा घरी येणारा, बोलण्यात नसलेला माणूस. घरात शब्द चालायचा सासऱ्यांचा. देवराव सत्त्याहत्तर वर्षांचे. छप्पन साली आठ वर्षांचे असताना बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेले होते. परत येताना बापानं वाटेत सांगितलं होतं, आता घरात दारू शिरणार नाही. बाप शिरू देत नव्हता, पण थोरला भाऊ बाहेर पीत राहिला आणि तिशीत रक्ताच्या उलट्या होऊन गेला. त्याला तिरडीवर बांधताना देवरावांनी दोर धरला होता. ते दारू आणि वाईन यांत फरक करत नव्हते.

"मी पेत नाही ना मामाजी," तुळसाबाई सुरुवातीला म्हणाली होती.

"पेत नाही म्हणून झालं का? करणंबी नाही सांगतलं, विकणंबी नाही सांगतलं."

"मंग कापूस येचून घर चालन का?"

देवराव त्यावर भांडले नाहीत, काम सोड म्हणाले नाहीत. फक्त अकरा वर्षांत त्या टेकडीवर त्यांनी पाय ठेवला नाही. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना नशा न करण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज जरा चढायचा. तुळसाबाई बायकांच्या रांगेतून तेवढ्याच खणखणीत आवाजात तेच म्हणायची. गेल्या बुद्धपौर्णिमेला खीर वाढायला तिनं पळी उचलली, तर शेजारची बाई हळूच म्हणाली, "तू राहू दे वं, तुह्या हाताले वास येते."

तुळसाबाईनं पळी खाली ठेवली. मागं जाऊन आपले हात नाकाशी धरले. साबण होता, वेलदोडा होता, दुसरं काही नव्हतं. तिच्याइतकं ते कोणाला कळणार? पण ती परत पुढं आली नाही, मागच्या मागं भांडी घासत बसली.

तर यंदा असं झालं, की मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गारपीट झाली.

द्राक्षं तोडून सतरा दिवस झाले होते. शेडमध्ये बांबूच्या मांडवावर चार थरांत बत्तीस विणलेले तट्टे, तट्ट्यावर वीतभर तणस, आणि तणशीवर घोस, एकाला एक न लागता मांडलेले. कातडी सुरकुतायला लागली होती, दाण्यांचा हिरवटपणा जाऊन मधासारखा पिवळा रंग चढत होता. अजून दहा-बारा दिवस की दाबायला तयार. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला उत्तरेकडचं आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं आणि वारा एकदम पडला. तुळसाबाई शेडच्या दारात उभी राहिली. मातीचा ओला वास आला, आणि त्यात तिला थंड लोखंडासारखं काहीतरी जाणवलं.

"भाऊ, गारा येऊन राहिल्या!" ती ओरडली.

मारोतराव घरातून लंगडत निघाले तोवर पहिली गार पडली. मग सगळ्याच पडल्या. आवळ्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. शेडला सिमेंटचे पत्रे. पाच मिनिटांत ते फुटायला लागले, आधी एका कोपऱ्यात, मग मधोमध. फुटल्या पत्र्यातून गारा आणि पाण्याची धार सरळ तट्ट्यांवर येऊ लागली. दोघांनी ताडपत्री ओढली. मारोतरावांचा गुडघा मांडवावर चढू देईना. तुळसाबाई लुगडं खोचून वर चढली, आडव्या बांबूवर पाय रोवून ताडपत्रीचं टोक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी राहिली. एक गार भोकातून येऊन तिच्या भुवईवर बसली. डोळ्यापुढं काळोख आला, पण टोक सुटलं नाही. खालून मारोतराव दुसरं टोक ओढून दगडाला बांधत होते आणि ओरडत होते, "उतर वं, उतर, मरू दे माल!" ती उतरली नाही. चाळीस मिनिटं तिचे हात वर होते. पाऊस थांबला तेव्हा ते खाली येईनात. मारोतरावांनी एकेक हात धरून खाली घेतला.

बाहेर उतार पांढरा झाला होता. वेलींना द्राक्षं नव्हतीच, पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. शेडमध्ये निम्म्याहून जास्त तणस भिजलं होतं.

माणसं आणायला ती खाली गावात गेली. पण गावाचा गहू आडवा झाला होता. जो तो आपापल्या वावरात उभा राहून पाहत होता, कुणी खाली पडलेली संत्री गोळा करत होतं. कुणाला कोणत्या तोंडानं म्हणावं की वर चल? ती कुणाला काही न म्हणता घरी आली.

देवराव ओसरीत बसले होते. त्यांनी तिची सुजलेली भुवई पाहिली, ओलं लुगडं पाहिलं. ती चूल पेटवायला गेली, तर काडीपेटीतली काडी तिच्या बोटांत धरवेना. देवराव उठले, काडी ओढून चूल त्यांनी पेटवली. जाळ लागल्यावर म्हणाले, "तणस भिजलं का?"

"अर्ध्याच्या वर."

"उलथलं?"

"आता उद्या उलथू. हात उचलून नाही राहिले."

"उद्यापर्यंत आतून तापन ते," देवराव म्हणाले, आणि जेवून आडवे झाले.

सकाळी ती सहालाच वर गेली. मारोतरावांची बायको कौशल्या आणि मारोतराव पहिल्या तट्ट्यावरचे घोस उचलून परातीत ठेवत होते. सूर्य वर आला तसा शेडच्या दारात काठीचा आवाज झाला. देवराव उभे होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, काखेत घरून आणलेली पाण्याची बाटली. चढ चढून त्यांचा श्वास लागला होता.

मारोतराव गडबडीनं पुढं झाले. "देवरावभाऊ, जयभीम. या ना, बसा. चाय सांगतो."

"जयभीम. चाय नको." देवरावांनी काठी टेकवून ठेवली, सदऱ्याची बाही वर सारली आणि भिजल्या तट्ट्यावरच्या तणशीत हात कोपरापर्यंत घातला. हात तसाच ठेवून थोडा वेळ उभे राहिले. तरुणपणी पंधरा-वीस वर्षं ते मौदा-रामटेककडं धानाच्या हंगामाला जात. तणशीची गंजी रचावी तर देवरावानं, असं तिकडचे शेतकरी म्हणत. चार महिने पावसात उभी राहिली तरी त्यांच्या गंजीच्या पोटात थेंब जात नसे.

"आतून गरम होऊन राहिलं," ते म्हणाले. "वरून उलथून काही होत नाही. हे सारं काढा. कोरडं दिसते तेबी काढा, त्यानं वल पेलेली आहे. दोन दिसात बुरशी चढन अन् मंग काही वाचत नाही."

"सारं काढून टाकू कुठं माल?" मारोतराव म्हणाले. "दुसरं तणस नाही."

"मागं गंजी आहे ना?"

"ते तं चिप्प भिजलं."

"कोनं रचली?"

"रचली कोनं... टाकली अशीच."

देवरावांनी मागं जाऊन गंजीला एक फेरी मारली, पूर्वेच्या अंगाला कंबरेच्या उंचीवर हात घालून ओढलं, टाकलं, पुन्हा ओढलं. हातभर आत गेल्यावर पिवळंधमक कोरडं तणस निघालं. "वरून हात लावू नका. इकून पोट फाडा अन् काढत जा," ते म्हणाले.

त्यानंतरचे तीन दिवस त्या चौघांना दिवस म्हणून आठवत नाहीत, हात-पाय-मान म्हणून आठवतात. एकेक घोस उचलायचा, उजेडाला धरायचा, फुटलेला आणि बुरशी लागलेला दाणा कात्रीनं कापायचा, चांगल्या दाण्याला कात्री लागू द्यायची नाही. ज्यांना तट्ट्यावर जागा नव्हती ते घोस सुतळीनं दोन-दोन बांधून तारेवर टांगायचे. रस बोटांवर वाळून कातडी चिकटायची, पुन्हा धुवायची, धुऊन धुऊन भेगा पडल्या. गांधीलमाश्या जमल्या. कौशल्याबाईंना तीन चावल्या, त्या चुना लावून पुन्हा बसल्या. मुंग्या मांडवाच्या पायांवरून चढत होत्या, तर देवरावांनी प्रत्येक पायाखाली पाण्याचा डबा ठेवायला लावला. ते खाली बसूनच काम करत, तणस झटकून, कुजकी काडी निवडून, चांगल्या काड्या एका दिशेनं लावून द्यायचे. त्यांची बोटं वाकडी झाली होती, पण त्यांनी लावलेलं तणस विणल्यासारखं दिसायचं. द्राक्षाला मात्र त्यांनी हात लावला नाही. पिंपांच्या खोलीच्या दारावरून जायचं झालं तर ते शेडला वळसा घालून जात. दुपारी आपली भाकर आपल्या पाण्याबरोबर खात.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई न राहवून म्हणाल्या, "देवरावभाऊ, तुमी एवढं करून राहिले, तुमाले तं हे पटत नाही ना?"

"नाहीच पटत," देवराव म्हणाले. हातातली काडी मोडून बाजूला टाकली. "पण माही सून परवा हात उचलू नाही शके."

तुळसाबाई मांडवाच्या पलीकडं होती. तिनं ऐकलं. तिनं मान वर केली नाही, घोस उजेडाला धरला तो नुसताच धरून राहिली.

तिसऱ्या दिवशी मारोतरावांचा मुलगा जितेंद्र आला. तो नागपूरला हुडकेश्वरला राहतो, टाइल्सचं दुकान आहे. वाईट माणूस नव्हे. पण टेकडीची जागा फार्महाऊसच्या प्लॉटला सोन्यासारखी आहे हे त्याला कळत होतं, आणि दर वर्षी तो ते बोलून दाखवत होता. गाडीतून उतरून त्यानं फुटके पत्रे पाहिले, बाहेर फेकलेल्या तणशीचा ढीग पाहिला, आईची सुजलेली बोटं पाहिली.

"बाबा, काहून जीव घेऊन राहिले गा सगळ्यायचा?" तो म्हणाला. "आजच दाबून टाका. जे निघन ते निघन. साधी वाईन म्हणून जाईन. अन् हे शेवटचं. आता वेली उपटू."

मारोतराव तुळसाबाईकडं वळले. "सांग वं."

तिनं पदराला हात पुसले. पहिल्या तट्ट्यापासून चालायला लागली. प्रत्येक तट्ट्यापाशी वाकायची, एक घोस हलक्या हातानं उचलून त्याच्या खालची बाजू हुंगायची, पुढं जायची. कुठं लगेच पुढं जायची, कुठं डोळे मिटून थांबायची. जितेंद्र घड्याळ पाहत होता. बत्तीस तट्टे आणि तारेवरचे सगळे घोस व्हायला तास लागला. मग ती आली.

"उजव्या अंगाचे अकरा तट्टे गेले. त्याले वल्या पोत्याचा वास आहे. वरून दिसत नाही, पण आत धरला. ते फेका. बाकीचं चांगलं आहे, पण आज दाबू नका. पाण्यानं ते पुन्हा कच्चं झालं. काकडीवाणी वास येते. बोरकुटावर यायले आठ-दहा दिस लागन."

"दहा दिवस?" जितेंद्र म्हणाला. "अन् पुन्हा पाणी आलं म्हणजे?"

"आलं तं आलं," तुळसाबाई म्हणाली. "आज दाबलं तं गोड पाणी निघन. तणशीची वाईन नाही होणार."

जितेंद्रला राग आला. "मावशी, तुमचा मान आहे. पण बाबा, तुमी वीस वर्षं नाशकात काढले. तुमी स्वतः पाहा ना. बायांले विचारून कारखाना चालते का? तेही कधी वाईन न पेणाऱ्या बाईले?"

देवरावांच्या हातातलं तणस थांबलं. मारोतरावांनी बाजूच्या परातीतलं सडकं द्राक्ष चिमटीत उचललं, हिरव्या बुरशीनं माखलेलं, आणि मुलासमोर स्वतःच्या नाकाला लावून दीर्घ श्वास घेतला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"मले वास येत नाही," ते म्हणाले. "कोरोनापासून. चवबी नाही. तुह्या आईच्या हातची भाजी मी चार वर्सापासून डोळ्यानं पाहून चांगली म्हणून राहिलो."

कौशल्याबाईंनी हातातली कात्री परातीत ठेवली.

"चार वर्सात जे पिंप भरले ते हिनं भरले. जे फेकले ते हिनं फेकले. माहं नुसतं नाव."

जितेंद्र बापाकडं पाहत राहिला. "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं दुसऱ्या दिशी तू वेली उपटल्या असत्या."

जितेंद्र बाहेर गेला, गाडीला टेकून उभा राहिला. तुळसाबाईला वाटलं, आता गाडी सुरू होईल. पण तो आत आला, बूट काढून बाजूला ठेवले आणि विचारलं, "मावशी, कोणते अकरा?"

अकरा तट्टे त्यानं स्वतःच्या डोक्यावरून नेऊन खड्ड्यात ओतले. संध्याकाळी नवे पत्रे आणायला सावनेरला गेला. दहा दिवस आभाळ कोरडं राहिलं. ऊन तापलं, टेकडीवरचा वारा शेडमधून आरपार वाहत राहिला. नवव्या दिवशी सकाळी तुळसाबाई शेडमध्ये शिरली आणि दारातच म्हणाली, "आज." बोरकुटाचा वास दारापर्यंत आला होता, आणि त्याच्या मागं उकळत्या चिंचेचा.

हातानं फिरवायच्या यंत्रात द्राक्षं घातली, दांडा अर्धा फेरा फिरवायचा आणि थांबायचं, पुन्हा अर्धा फेरा. घाई केली तर बिया फुटून कडवट होतं. क्विंटलभर द्राक्षांचा रस एका मोठ्या घागरीत मावेल एवढा. तो धार धरून पडत नव्हता, काकवीसारखा ओघळत होता. जितेंद्र त्या दिवशी दुकान बंद ठेवून आला होता, दांडा त्यानंच फिरवला. खांदे दुखले तेव्हा कळलं त्याला, की बाप ही कसरत दर वर्षी एकट्यानं करतो. यंदा नेहमीच्या दोन तृतीयांशच माल होता. तो लहान पिंपांत गेला आणि तुळसाबाईनं बुचं लावली.

एप्रिलच्या शेवटी तीन वर्षांपूर्वीचं पिंप उघडायचं होतं. मारोतरावांचं नाक गेल्यावर पहिल्यांदा तुळसाबाईनं एकटीनं भरलेलं. जितेंद्रनं नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलासाठी वाईन निवडणारी बाई आणली होती. रितिका तिचं नाव, तिशीतली, केस कापलेले, बोलणं अर्धं हिंदी. बरेच लोक बोलत राहतात आणि मग पितात. ही गप्प होती. काचेच्या नळीनं काढलेली वाईन तिनं पेल्यात फिरवली, खिडकीच्या उजेडाला धरली. जुन्या तुपासारखा रंग. बराच वेळ हुंगली. मग एक घोट घेतला आणि दगडी ओट्यावर बसली.

दुसरा घोट घेतला. "ये किसने बनाया?" तिनं विचारलं.

मारोतरावांनी तोंड उघडलं, त्याआधी जितेंद्र म्हणाला, "या मावशीनं."

रितिकानं दाराशी उभ्या असलेल्या तुळसाबाईला पाहिलं, उठली आणि दुसरा पेला भरून तिच्यापुढं धरला. "मावशी, घ्या ना. आपल्या हातची."

"नाही बाई. आमाले चालत नाही."

"म्हणजे तुम्ही कधीच...?"

"कधीच नाही."

रितिका पेला धरून उभीच राहिली. तुळसाबाईलाही अवघडल्यासारखं झालं. मग एकाएकी, गेली कित्येक वर्षं पोटात होतं ते तिच्या तोंडून आलं. "बाई, तुमी सांगा ना मले. तोंडात कशी लागते?"

रितिका हसली नाही. तिनं पेला खाली ठेवला, आपल्या पेल्यातला लहानसा घोट घेतला, डोळे मिटले आणि सांगायला लागली. थांबत, शब्द शोधत. "आधी मध. मग... वो क्या कहते हैं, सुकी खुबानी... जर्दाळू. मग संत्र्याची साल, भाजलेली. आंबट पण आहे, म्हणून गोड चिकटत नाही." तुळसाबाई एकेक शब्दाला मान हलवत होती. हे सगळं तिला नाकानं ठाऊक होतं, फक्त नावं वेगळी होती. "आणि मग गिळल्यावर," रितिका म्हणाली, "एकदम शेवटी, जरासं मीठ. समुद्रासारखं नाही, दगड चाटल्यासारखं."

"मीठ?" तुळसाबाई म्हणाली.

"हो. थोडंसंच. त्यामुळंच तर ती उभी राहते."

"मिठाले वास नसते," तुळसाबाई म्हणाली, जणू स्वतःलाच.

रितिकानं ते पिंप आणि शेजारचं पिंप मागितलं. पुढच्या वर्षाचंही सांगून ठेवलं. मारोतरावांचे डोळे भरून आले आणि जितेंद्र वेलींच्या ठिबकच्या नळ्या बदलायच्या म्हणून मापं घ्यायला उतारावर गेला. तुळसाबाईनं पेले धुतले, खोली झाडली, आणि नेहमीच्या वेळेला टेकडी उतरली. वाटभर ती मिठाचा विचार करत होती. मुरमातून आलं असेल का? की विहिरीच्या पाण्यातून? अकरा वर्षं आपण हाताळलं, त्यात आपल्याला न कळलेलं काहीतरी होतं.

दिवस मावळतीला आला होता. देवराव अंगणात खाटेवर बसून सुतळी वळत होते. गारपिटीच्या तीन दिवसांनंतर ते पुन्हा टेकडीवर गेले नव्हते, आणि त्या दिवसांबद्दल बोललेही नव्हते. तुळसाबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापाशी ठेवला.

"मामाजी, ते पिंप उघडलं आज. नागपूरची बाई आलती. म्हणे त्यात शेवटी मीठ लागते."

देवरावांची बोटं थांबली. त्यांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "तू प्याली?"

"नाही. ती प्याली. मी इचारलं, कशी लागते. तं तिनं सांगतलं."

देवरावांनी मान खाली घातली आणि पुन्हा सुतळी वळायला घेतली. रस्त्यावरून गुरं परतत होती, धूळ उडत होती. तुळसाबाई स्वयंपाकाला म्हणून वळली. उंबऱ्यापर्यंत गेली असेल, तर मागून त्यांचा आवाज आला.

"आनखी काय सांगतलं तिनं?"

तुळसाबाई परत फिरली. खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.